अर्धी विरघळणारी, अर्धी राहणारी : श्रोणीच्या आधारासाठी वापरलेल्या मिश्र जाळीविषयी

‘अंग बाहेर येते’ ही तक्रार आपल्या व्यवसायात नवी नाही. शेतात राबणारी, तीन-चार बाळंतपणे झालेली, पन्नाशीच्या आसपासची स्त्री ही तक्रार बहुधा शेवटी सांगते; आधी कंबरदुखी, मग अंगावरून जाणे, आणि उठता उठता पदर सावरीत ही गोष्ट. अशा रुग्णांचे पूर्वी दोनच गट आपल्यासमोर येत असत. एक, ज्यांनी काहीच उपचार घेतलेले नाहीत, आणि दुसरा, ज्यांची पिशवी काढलेली आहे. गेल्या सुमारे वीस वर्षांत तिसरा गट त्यात मिळाला आहे. या स्त्रियांच्या योनिभित्तीच्या आड शल्यविशारदाने कृत्रिम जाळी बसविलेली असते, आणि पुष्कळदा ते त्यांना स्वतःलाही नीटसे ठाऊक नसते. प्रस्तुत लेख या तिसऱ्या गटाविषयी, आणि त्यातही काही भाग विरघळणारा व काही भाग कायम राहणारा अशा मिश्र जाळीविषयी आहे.

या विषयाकडे मी वळले ती एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी होती. २०१३ साली एक बावन्न वर्षांच्या मावशी अंगावरून पांढरे व कधी लालसर जाण्याच्या तक्रारीसाठी माझ्याकडे आल्या. तीन वर्षांपूर्वी ‘अंगाचे ऑपरेशन’ झाले होते. जवळ असलेल्या कागदावर योनिमार्गे दुरुस्ती केली, एवढाच उल्लेख. मी श्वेतप्रदर गृहीत धरून पुष्यानुग चूर्ण, चंद्रप्रभा, पंचवल्कल क्वाथाचे धावन आणि पिचुधारण असा क्रम चार महिने चालविला. स्राव आठ दिवस कमी होई, पुन्हा पूर्ववत. पाचव्या महिन्यात मी स्पेक्युलम लावून चांगल्या उजेडात पुढची भिंत पाहिली. हे पहिल्या दिवशी करावयास हवे होते. भिंतीवर मसुराएवढ्या लाल जागेत मासे धरण्याच्या जाळ्याला असतो तसा निळसर दोरा दिसत होता. बोटाला ती जागा पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली. मी त्यांना शहरातील स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठविले. तेथे औषधाच्या दुकानाच्या जुन्या बिलावरून जाळीचा प्रकार कळला. परत आल्यावर मावशींनी मला विचारले, “बाई, ती जाळी विरघळती असं सांगितलं होतं मला. मग ही कुठली राहिली?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते वैद्यबंधुभगिनींसमोर ठेवीत आहे.

आधार कशाचा असतो

मूत्राशय, गर्भाशय व गुद हे अवयव श्रोणीत नुसते ठेवलेले नसतात. ते वरून टांगलेले आणि खालून पेललेले असतात. अमेरिकेतील डॉ. डीलान्सी यांनी १९९२ मध्ये या आधाराचे तीन स्तर वर्णिले. वरचा स्तर गर्भाशयमुख व योनीचे टोक यांना त्रिकास्थीकडे व बाजूंना बांधून ठेवणाऱ्या बंधांचा. मधला, योनीच्या बाजूच्या भिंतींना श्रोणीच्या कडांशी जोडणाऱ्या पटलांचा. खालचा, योनिद्वार व मूलाधाराच्या भागाचा. या तिन्हींच्या खाली लिव्हेटर एनाय ही स्नायूची झोळी सतत ताणात राहून भार उचलते. घरातील शिंके डोळ्यांसमोर आणावे. मडक्याखाली पाट असला की शिंक्याच्या दोऱ्यांवर फारसा ताण येत नाही. पाट काढून घेतला की सगळा भार दोऱ्यांवर येतो आणि त्या हळूहळू लांबतात. प्रसूतीच्या वेळी स्नायू फाटणे किंवा त्याची नाडी दुखावणे म्हणजे हा पाट निघणे होय. पुढे कष्ट, जुनाट खोकला, मलावष्टंभ, आणि रजोनिवृत्तीनंतरचा धातुक्षय हे उरलेल्या दोऱ्यांवरील ताण वाढवीत जातात.

आपल्या ग्रंथांत हा विकार एका नावाने एकत्र सापडत नाही. सुश्रुतांनी पित्तज योनिव्यापदांत प्रस्रंसिनी व त्रिदोषज गटात फलिनी सांगितली, चरकांनी महायोनी वातज मानली. आजच्या वर्गीकरणाशी यांची एकास एक जोडी लावण्याचा हट्ट अनेक लेखांत दिसतो. मला तो अनावश्यक वाटतो. चिकित्सेच्या दृष्टीने चरकांचे चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायातील एक विधान अधिक मोलाचे आहे : स्थानावरून ढळलेली योनी ही स्त्रीला शल्याप्रमाणे होते. म्हणून स्नेहन, स्वेदन करून बाहेर आलेली आत सारावी, वाकलेली हाताने सरळ करावी, असा क्रम तेथे दिला आहे. आपलाच अवयव जागा सोडल्यावर शल्य होतो, ही ती कल्पना. मग त्याला जागेवर ठेवण्यासाठी बाहेरची वस्तू आत घातली, तर तिला काय म्हणावयाचे, हा प्रश्न पुढे ओघानेच येतो.

जाळीपर्यंतचा प्रवास

स्वतःच्याच ऊती शिवून केलेली दुरुस्ती सर्वांना टिकत नाही. १९९७ मध्ये ओल्सेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या नोंदींवरून दाखविले की, ऐंशी वर्षे वयापर्यंत सुमारे ११ टक्के स्त्रियांवर अवयव ढळणे अथवा मूत्रधारण न होणे यासाठी शस्त्रक्रिया होते, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे २९ टक्के पुन्हा केलेल्या असतात. जी ऊती मुळातच सैल झाली आहे तिलाच पुन्हा शिवून किती टिकणार, हा शल्यविशारदांचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. हर्नियात हाच प्रश्न जाळीने सुटला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस अशर यांनी मार्लेक्स जाळी वापरात आणली. ती आधी पॉलिएथिलीनची, पुढे पॉलिप्रॉपिलीनची. १९९० च्या दशकात स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी खोकल्यासरशी लघवी होणाऱ्या स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाखाली पॉलिप्रॉपिलीनची अरुंद पट्टी बसविण्याची पद्धत रूढ केली. तेथून रुंद जाळीकडे जाणे हे एकच पाऊल होते. २००५ च्या सुमारास मूत्राशयाखाली, गुदावर किंवा दोन्हीकडे बसवावयाच्या तयार जाळ्यांचे संच बाजारात आले. जाळीला बाहू असत आणि ते लांब सुयांनी मांडीच्या मुळाशी ऑब्ट्युरेटर छिद्रातून वा नितंबाच्या बाजूने ओढून घेतले जात.

येथे आपल्या भागातील एक पूर्वेतिहास सांगणे अस्थानी होणार नाही. तरुण, मूल हवे असलेल्या स्त्रीची पिशवी ढळली तर ती काढता येत नाही. यावर मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर व डॉ. पुरंदरे यांनी आपापल्या पद्धती रूढ केल्या. शिरोडकर मूळचे गोव्याचे; गर्भाशयमुखाला घालावयाच्या त्यांच्या टाक्याने ते जगभर ओळखले जातात. त्यांच्या झोळी-शस्त्रक्रियेत मर्सिलीन या पॉलिएस्टरच्या फितीने गर्भाशय मागे त्रिकास्थीच्या कड्याशी टांगले जाते. पुरंदरे पद्धतीत पुढे पोटाच्या स्नायूंच्या आवरणाशी. म्हणजे कायम राहणारा परका धागा स्त्रीच्या श्रोणीत ठेवणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. फरक असा, की ती फीत पोटातून, निर्जंतुक वाटेने नेली जाई आणि योनीच्या भिंतीत पसरलेली नसे. योनिमार्गे बसविलेल्या जाळीत दोन्ही गोष्टी बदलल्या. योनी नैसर्गिकरीत्याच जंतुयुक्त आहे, तिची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड, आणि जाळी नेमकी त्या भिंतीला चिकटून सर्वत्र पसरलेली.

विरघळणारा धागा कशासाठी

पॉलिप्रॉपिलीन हे शरीरात विरघळत नाही. प्रत्येक धाग्याभोवती भक्षक पेशी जमतात, परक्या वस्तूविरुद्धचा शोथ मंद स्वरूपात कायम राहतो आणि त्याभोवती तंतूंचे वेष्टण तयार होते. आधार मिळतो तो याच वेष्टणामुळे. परंतु जाळीची छिद्रे लहान असतील तर शेजारच्या दोन धाग्यांभोवतीची वेष्टणे एकमेकांना मिळतात, मध्ये मऊ ऊती भरण्याऐवजी सलग व्रणाची कडक पाटी बनते, आणि ती आक्रसते. जर्मनीतील आखेन येथील क्लिंगे, क्लोस्टरहाल्फेन व शुम्पेलिक यांनी हर्नियाच्या जाळ्यांचा या अंगाने अभ्यास केला. त्यांच्या असे लक्षात आले की, पोटाच्या भिंतीवर येणाऱ्या ताणाच्या मानाने प्रचलित जाळ्या कितीतरी पट अधिक मजबूत, म्हणजेच अकारण जड होत्या. जुन्या जाळ्यांचे वजन दर चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम असे. द्रव्य कमी करा, छिद्रे मोठी करा, शोथ आपोआप कमी होईल, हा त्यांचा निष्कर्ष.

पण मोठ्या छिद्रांची, विरळ धाग्यांची जाळी हातात धरली की मलमलीसारखी लोंबते. शल्यविशारदाला ती खोल जागी पसरविता येत नाही, घडी पडते. यावर उपाय म्हणून कायम राहणाऱ्या धाग्याबरोबर विरघळणारा धागा विणण्यात आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या व्हायप्रो जाळीत पॉलिप्रॉपिलीनबरोबर पॉलिग्लॅक्टिन होते. पुढे अल्ट्राप्रोमध्ये पॉलिग्लेकाप्रोन आले. हे तेच पदार्थ आहेत ज्यांचे टाके आपल्यापैकी अनेकांनी हाताळले असतील. पॉलिग्लॅक्टिन साधारण दोन-अडीच महिन्यांत व पॉलिग्लेकाप्रोन तीन ते चार महिन्यांत शरीरातील पाण्याच्या क्रियेने तुटत तुटत नाहीसे होते. मागे राहते ती पॉलिप्रॉपिलीनची हलकी चौकट, दर चौरस मीटरला सुमारे ३० ग्रॅम वजनाची.

हीच कल्पना श्रोणीसाठी प्रोलिफ्ट प्लस एम या संचात आणली गेली. मूळ प्रोलिफ्ट पूर्णपणे पॉलिप्रॉपिलीनचा होता. या नव्या संचात त्याला पॉलिग्लेकाप्रोनची जोड होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन्हींना २००८ मध्ये परवानगी दिली. ही परवानगी आधीच्या उपकरणांशी साधर्म्य दाखवून मिळणारी होती. स्त्रियांवर दीर्घकाळ तुलनात्मक अभ्यास करून मिळविलेली नव्हे. मूळ प्रोलिफ्ट तर २००५ पासूनच विकला जात होता.

म्हणून मावशींच्या प्रश्नाचे उत्तर असे : विरघळणारा भाग हा सुताराच्या पाडासारखा आहे. बांधकाम उभे राहीपर्यंत तो लागतो, नंतर निघतो. आधाराचे काम राहणाऱ्या भागाचेच. ‘विरघळते’ हा शब्द त्यांना कोणी सांगितला तो पूर्ण खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरला. अर्धी विरघळते म्हणजे अर्धी जन्मभर राहते, हे दुसरे वाक्य कोणी उच्चारले नाही.

पूर्ण विरघळणाऱ्या जाळीचाही प्रयोग झाला होता, हे येथे नमूद करावे. २००१ मध्ये सॅण्ड व सहकाऱ्यांनी केवळ पॉलिग्लॅक्टिनची जाळी वापरली असता मूत्राशय पुन्हा ढळण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आल्याचे सांगितले. त्याच वर्षी वेबर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात मात्र तशाच जाळीने लक्षणीय फरक आढळला नाही. जो धागा दोन महिन्यांत जातो तो आपल्यामागे किती बळकट व्रण ठेवील, यावर तेव्हा एकमत झाले नाही. डुकराच्या कोलॅजनचा थर दिलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या जाळ्याही आल्या. तो थर योनिभित्तीला धाग्याच्या घर्षणापासून सुरुवातीच्या काळात वाचवील, अशी अपेक्षा होती.

सुश्रुतांचे शल्यविचार आणि हा धागा

ही चर्चा वाचताना सुश्रुत सूत्रस्थानाचा सव्विसावा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. शरीरात राहिलेल्या शल्यांपैकी कोणती कालांतराने विलीन होतात आणि कोणती होत नाहीत, याची तेथे विभागणी आहे. सोने, रुपे, तांबे, कथिल, शिसे इत्यादी पित्ताच्या तेजाने दीर्घकाळाने विरघळतात. शिंग, दात, केस, हाड, वेळू, लाकूड, दगड व माती यांची शल्ये तशीच राहतात, असे ते सांगतात. धातूंविषयीचे हे विधान आजच्या ज्ञानाशी जुळत नाही, आणि ते जुळविण्याची कसरत आपण करू नये. जपावयाचा आहे तो प्रश्न : आत ठेवलेली वस्तू शरीर पचविणार की नाही, हे आधी विचारा. उदरचिकित्सेत फुटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चावून घेऊन त्यांची धडे कापावीत व डोकी आत तशीच ठेवावीत, असे सुश्रुत सांगतात. तेथेही जखम भरल्यावर नाहीसे होणारे द्रव्य योजलेले दिसते. सीवनासाठी सांगितलेले शण, क्षौम, स्नायू, बाल, गुडूची हे धागे मात्र वरच्या त्वचेसाठी, पुढे काढता येतील असे.

शल्याची व्याख्या सुश्रुतांनी वस्तूवरून केलेली नाही, पीडेवरून केली आहे. जे शरीराला बाधा करते ते शल्य. या न्यायाने हजारो स्त्रियांच्या शरीरात निमूटपणे बसलेली जाळी शल्य नव्हे, आणि मावशींच्या शरीरातील मसुराएवढा उघडा धागा शल्यच होय.

पुढे काय घडले

२०११ मध्ये आल्टमन व सहकाऱ्यांचा ३८९ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एक वर्षानंतर जाळीच्या गटात सुमारे ६१ टक्के, तर केवळ शिवलेल्या गटात सुमारे ३५ टक्के स्त्रियांत शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. एवढेच वाचून थांबणाऱ्यास जाळी हे वरदान वाटावे. परंतु त्याच अभ्यासात जाळीच्या गटात रक्तस्राव व मूत्राशयाला इजा होण्याचे प्रमाण अधिक होते आणि ३ टक्क्यांहून थोड्या अधिक स्त्रियांना एका वर्षातच उघड्या जाळीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागली.

अमेरिकेच्या प्रशासनाने ऑक्टोबर २००८ मध्ये पहिली सूचना काढली तेव्हा तीन वर्षांत आलेल्या तक्रारी एक हजाराहून अधिक होत्या व गुंतागुंत क्वचित होते असे म्हटले होते. पुढील तीन वर्षांत आणखी २,८७४ तक्रारी आल्या. जुलै २०११ च्या सूचनेत अवयव ढळण्यासाठी योनिमार्गे बसविलेल्या जाळीतील गंभीर गुंतागुंत ‘क्वचित नाही’ असा स्पष्ट बदल करण्यात आला. २०१२ मध्ये कंपन्यांना पाठपुरावा अभ्यास करण्याचे आदेश मिळाले, आणि त्याच वर्षी उत्पादक कंपनीने प्रोलिफ्ट व प्रोलिफ्ट प्लस एम दोन्ही थांबविण्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये ही जाळी सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकली गेली व एप्रिल २०१९ मध्ये उरलेल्या जाळ्यांचीही विक्री थांबविण्याचा आदेश निघाला. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या अखेरीस योनिमार्गे बसविण्याच्या अशा जाळ्यांना मनाई केली. ब्रिटनमधील १,३०० हून अधिक स्त्रियांवरील प्रॉस्पेक्ट या अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत जाळीमुळे स्त्रीच्या तक्रारींत काही अधिक लाभ दिसला नाही, मात्र जाळी बसविलेल्यांपैकी दहात एकीहून अधिक स्त्रियांना जाळीसंबंधी गुंतागुंत झाली. तेथील कम्बरलेज समितीने जुलै २०२० च्या अहवालात या स्त्रियांच्या वेदनांकडे वर्षानुवर्षे झालेल्या दुर्लक्षाची नोंद केली.

मिश्र जाळीने नेमके काय साधले नाही, याची कारणमीमांसा उद्बोधक आहे. द्रव्य कमी झाले हे खरे. परंतु मोठी छिद्रे जाळी सपाट असतानाच मोठी असतात. बाहू ओढून ताण दिला की जाळी लांबते, छिद्रे मिटतात आणि धागे एकमेकांजवळ येतात. हर्नियात जाळी सपाट पसरते, श्रोणीत ती बाहूंवर टांगली जाते. शिवाय योनिभित्ती कापलेल्या जागी जाळी लगेच खाली असते. पन्नाशीनंतर पातळ झालेल्या भित्तीला ती जागा भरून काढणे अवघड जाते. हर्नियाच्या जाळीचा अनुभव योनीला जसाच्या तसा लागू होईल, हे गृहीत चुकले. देशविचार सोडून द्रव्यविचार केला तर काय होते, याचे हे उदाहरण मला वाटते.

एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील बंदी योनिमार्गे बसविलेल्या, अवयव ढळण्यासाठीच्या जाळीची आहे. पोटातून वा दुर्बिणीने त्रिकास्थीशी टांगलेली जाळी आणि मूत्रमार्गाखालची अरुंद पट्टी या वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. २०१९ चा अमेरिकेतील आदेश त्यांना लागू नाही. त्यांचेही दोष आहेत, परंतु सगळ्यांना एकाच तराजूत घालून रुग्णाला घाबरविणे योग्य नव्हे. ‘तुमच्या अंगात प्लास्टिक आहे, ते आधी काढा’ असा सल्ला दिल्याचे मी आपल्याच व्यवसायबंधूंकडून ऐकले आहे. ज्या स्त्रीला काहीही त्रास नाही तिची जाळी काढावयाची नसते. भिंतीत रुजलेले पिंपळाचे मूळ ओढले तर भिंतही येते. जाळी काढण्याची शस्त्रक्रिया तशीच असते, आणि पुष्कळदा ती अर्धवटच करावी लागते.

आपल्या दवाखान्यात

योनिगत तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीला पूर्वीच्या शस्त्रक्रियेविषयी विचारताना ‘पिशवी काढली का’ एवढ्यावर थांबू नये. पोटातून की खालून, जाळी किंवा पट्टी बसविली का, वेगळे बिल झाले होते का, हे विचारावे. बिल हा उत्तम पुरावा असतो. कागदावर नसलेली जाळी बिलावर सापडते. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षांनी सुरू झालेला स्राव, संबंधानंतर रक्त दिसणे, पतीला टोचल्याची तक्रार, जांघेत वा नितंबात बसताना होणारी वेदना, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, यांपैकी काही असेल तर औषध लिहिण्यापूर्वी पाहावे. उजेड, स्पेक्युलम, आणि मग बोटाने हळुवार स्पर्श. दिसले नाही तरी खरखरीत लागते किंवा तारेसारखी कडा जाणवते.

असे काही आढळल्यास धावन, पिचू, वर्ती, उत्तरबस्ती सर्व थांबवावे. क्षार वा दाहकर्म तर कदापि करू नये. जाळीपलीकडे मूत्राशय आहे. उघड्या धाग्यावर व्रणरोपण द्रव्यांनी त्वचा आणता येईल, हा भ्रम मी चार महिने बाळगला. लहान व त्रास न देणाऱ्या उघड्या जागेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ काही काळ इस्ट्रोजेनचे मलम वापरून पाहतात. मोठ्या जागेसाठी उघडा भाग कापून भिंत पुन्हा शिवावी लागते. हा निर्णय त्यांचा आहे. वेळेवर आणि नीट चिठ्ठी लिहून पाठविणे हे आपले काम.

ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झालेलीच नाही त्यांच्याबाबत मात्र आपल्याला पुष्कळ करता येते, आणि मला वाटते जाळीचा हा इतिहास आपल्याला तिकडेच पाठवितो. अवयव योनिद्वाराच्या आत असेपर्यंत श्रोणीच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. तो नियमित व वैयक्तिक देखरेखीखाली केल्यास तक्रारी कमी होतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉपी या अभ्यासात दिसून आले. मूलबंध वा अश्विनी मुद्रा शिकविताना आपण हेच शिकवितो. फक्त बहुतेक स्त्रिया गुद आकुंचित करण्याऐवजी पोट ताठ करतात, म्हणून एकदा बोटाने तपासून खात्री करावी. मलावष्टंभ व कास यांची चिकित्सा ही येथे गौण नसून मुख्य आहे. अपानाचा वेग कुंथून प्रवृत्त करणारी स्त्री रोज तोच आघात करीत असते. सूतिका परिचर्येतील विश्रांती आपण सांगतो, पण बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात भाताच्या लावणीला वाकणाऱ्या व डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाईला ती कोण देणार, हा प्रश्न औषधाने सुटत नाही. सासूला व नवऱ्याला समोर बसवून सांगावे लागते. अवयव पूर्ण बाहेर येत असेल, त्यावर व्रण झाला असेल किंवा लघवी अडत असेल, तर तेलाच्या पिचूने तो वर जाईल अशी आशा दाखवू नये. शस्त्रक्रिया नको असलेल्या वा न झेपणाऱ्या स्त्रीसाठी रिंग पेसरी हा साधा पर्याय आहे. चरकांनी सांगितलेल्या ‘आत सारून धरून ठेवणे’ याच्याशी त्याचे नाते जवळचे आहे, तरीही आपल्याकडे तो फारच थोडे सुचवितात.

मावशींची उघडी जाळी काढण्यात आली. बाहूंचे भाग आतच ठेवावे लागले. स्राव थांबला. जांघेतील चमक थंडीत अजून येते, त्यासाठी स्थानिक अभ्यंग व स्वेद बाहेरून देते, योनिमार्गे काही नाही. माझ्या केसपेपरवर तेव्हापासून दोन ओळी छापलेल्या आहेत : ‘शरीरात ठेवलेली वस्तू – जाळी, पट्टी, तांबी, सळई’ आणि त्याखाली, ‘बिल पाहिले : होय / नाही’.